द्राक्षाच्या पहिल्या रीफर कंटेनरचं कोटेशन: एफओबी, फ्री डेज, एचबीएल, टेलेक्स रिलीज म्हणजे नेमकं काय?

निफाड_बागायत यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या शेतकरी गटाचा ४० फुटी रीफर (माल थंड ठेवणारा कंटेनर) न्हावा शेवाहून रॉटरडॅमला जायचा आहे. २० पॅलेट, प्रत्येकावर ५ किलोच्या १३० पेट्या. फॉरवर्डरचं (जहाजाने माल पाठवून देणाऱ्या एजंटचं) कोटेशन जसंच्या तसं उतरवतो:

'१ x ४० एचसी रीफर, एफओबी न्हावा शेवा, फ्रेट कलेक्ट, ओरिजिन टीएचसी, बीएल फी, सील, व्हीजीएम शिपरच्या खाती. डेस्टिनेशन ४ फ्री डेज. एचबीएल, टेलेक्स रिलीज शक्य. सब्जेक्ट टू पीएसएस अँड स्पेस.'

खरेदीदार म्हणतो एफओबी नको, सीआयएफ करा. मला चार गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एफओबी आणि सीआयएफमध्ये आमची जबाबदारी कुठे संपते? ४ फ्री डेज कशाचे? एचबीएल घ्यावा का? आणि कंटेनर बुक करताना रीफरबद्दल काय काय लिहून द्यायचं?

---

जुना_धक्का

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. एफओबी म्हणजे माल जहाजाच्या कठड्यावरून पलीकडे गेला की तुमची जबाबदारी संपली. सीआयएफमध्ये ती रॉटरडॅमपर्यंत तुमची.

---

उरण_डॉक्स

वरच्या उत्तरातल्या दोन्ही गोष्टी दुरुस्त करायला हव्यात, नाहीतर पुढचं सगळं गणित चुकेल.

कठड्याचा नियम इन्कोटर्म्स (खर्च-जोखीम वाटणीच्या व्यापारी संज्ञांचे आंतरराष्ट्रीय नियम) २०१० पासून गेला. आता एफओबीत माल जहाजावर ठेवला गेला की जोखीम हस्तांतरित होते. सध्या लागू आहेत ते इन्कोटर्म्स २०२०. त्यात एकूण ११ संज्ञा आहेत आणि त्यांतल्या एफएएस, एफओबी, सीएफआर, सीआयएफ या चारच निव्वळ जलवाहतुकीसाठी आहेत.

सीआयएफबद्दलचा गैरसमज तर फारच पसरलेला आहे. सीआयएफ रॉटरडॅम लिहिलं तरी जोखीम न्हावा शेवालाच, जहाजावर माल चढताच खरेदीदाराकडे जाते. तुमच्याकडे राहतो तो रॉटरडॅमपर्यंतचा भाडेखर्च आणि विमा उतरवण्याचं काम. खर्च कुठपर्यंत आणि जोखीम कुठपर्यंत हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 'सी'ने सुरू होणाऱ्या चारही संज्ञांमध्ये त्यांची उत्तरं वेगवेगळी येतात.

कंटेनरसाठी मात्र मी एफओबीऐवजी एफसीए सुचवेन. तुमचा ट्रेलर टर्मिनलच्या गेटमधून आत गेला की कंटेनर तुमच्या हातातून सुटला. जहाजावर चढायला त्यानंतर दोन-तीन दिवस लागू शकतात आणि तेवढा वेळ तो यार्डात प्लगवर उभा असतो. एफओबीत या मधल्या दिवसांची जोखीम तुमचीच असते, आणि तिथे जाऊन तापमान बघायची सोय तुम्हाला नसते. एफसीएमध्ये ठरलेल्या टर्मिनलवर वाहतूकदाराच्या ताब्यात दिलं की सुटलात. जागेचं नाव नेमकं लिहा: 'एफसीए, अमुक टर्मिनल, न्हावा शेवा, इन्कोटर्म्स २०२०'. एलसीवर (बँकेच्या पैसे देण्याच्या हमीपत्रावर) व्यवहार असेल आणि बँकेला 'शिप्ड ऑन बोर्ड' शेऱ्याचा बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाजवाहतुकीचा कागद) लागत असेल, तर तशी सोय २०२० च्या एफसीएमध्ये आहे: खरेदीदाराने आपल्या वाहतूकदाराला तसा बीएल तुम्हाला द्यायला सांगायचं, हे करारातच ठरवून घ्या.

सीआयएफच करायचं ठरलं तर विम्याकडे नीट बघा. नियमानुसार विक्रेत्याला किमान इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज सी, बिलाच्या ११० टक्के रकमेचा, एवढाच विमा बंधनकारक आहे. क्लॉज सीमध्ये आग, जहाज रुतणं किंवा बुडणं, टक्कर, जनरल अॅव्हरेज हे येतं. चोरी येत नाही, द्राक्ष सडणं तर नाहीच. क्लॉज एसुद्धा उशिरामुळे झालेलं नुकसान आणि मालाचा स्वतःचा नाशवंतपणा बाहेर ठेवतो. रीफरसाठी कूलिंग यंत्रणेच्या बिघाडाचं वेगळं संरक्षण मागा आणि त्यातली तासांची अट वाचा. यंत्रणा सलग २४ तास बंद राहिली तरच दावा मान्य, असं बऱ्याच पॉलिसींत लिहिलेलं असतं.

जनरल अॅव्हरेजला दुर्मीळ म्हणून सोडून देऊ नका. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन सुएझ कालव्यात अडकलं, सुटलं, आणि त्यानंतर मालकाने जनरल अॅव्हरेज जाहीर केला. म्हणजे जहाज वाचवण्याचा खर्च जहाज आणि त्यावरचा सगळा माल यांनी किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. तुमच्या पेट्यांना ओरखडाही आला नसला तरी हमी दिल्याशिवाय माल सुटत नाही. विमा असेल तर कंपनी हमी देते. नसेल तर रोख अनामत.

आणखी एक. द्राक्षाचे बरेच सौदे कन्साइनमेंटवर होतात: माल तिकडे विकायचा, कमिशन आणि खर्च वजा करून उरलेलं द्यायचं, फार तर किमान हमीभाव. तसा सौदा असेल तर बिलावर कोणतीही इन्कोटर्म लिहा, भावाची जोखीम शेवटपर्यंत तुमच्यावरच आहे. खरेदीदाराने पैसेच दिले नाहीत तर मरीन विमा कामाचा नाही, त्यासाठी ईसीजीसीची (सरकारी निर्यात पत विमा कंपनीची) पॉलिसी लागते.

---

गेट_इन

मी फक्त वेळेच्या शब्दांवर लिहितो, कारण पैसा तिथेच गळतो.

बुकिंग कन्फर्मेशनवर तीन-चार कट-ऑफ असतात आणि ते एकाच दिवशी नसतात. एसआय कट-ऑफ म्हणजे शिपिंग इन्स्ट्रक्शन, बीएलवर छापायचा मजकूर देण्याची शेवटची वेळ. व्हीजीएम कट-ऑफ म्हणजे वजन कळवण्याची. गेट कट-ऑफ, ज्याला काही लाइन (जहाज कंपन्या) सीवाय कट-ऑफ म्हणतात, ती भरलेला कंटेनर टर्मिनलच्या आत येण्याची. गेट उघडण्याचीही वेळ असते. त्याआधी ट्रेलर नेला तर आत घेत नाहीत आणि जेनसेटचं (रीफरला वीज देणाऱ्या जनरेटरचं) डिझेल रस्त्यावर जळत राहतं. न्हावा शेवाला फॉर्म १३ (टर्मिनलच्या प्रवेशाचा कागद) शिवाय गेटमधून प्रवेश नाही. फॉर्मवरचा कंटेनर नंबर, सील नंबर, जहाज आणि व्हॉयेज, यातला एक आकडा चुकला तरी ट्रेलर बाजूला उभा करतात.

कंटेनर नंबर चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीतला एक तपासणी आकडा असा असतो. तो शेवटचा आकडा आधीच्या अक्षर-आकड्यांवरून गणिताने निघतो, त्यामुळे नंबर उतरवताना चूक झाली की सिस्टम लगेच पकडते. फोनवरून नंबर सांगू नका, दाराचा फोटो पाठवा.

व्हीजीएम म्हणजे व्हेरिफाइड ग्रॉस मास, सोलास करारानुसार १ जुलै २०१६ पासून सक्तीचा. दोन रीती आहेत: भरलेला कंटेनर काट्यावर चढवायचा, किंवा माल, बांधणी आणि टेअर (रिकाम्या कंटेनरचं वजन) यांची बेरीज करायची. तुमचं उदाहरण धरतो. २० x १३० म्हणजे २,६०० पेट्या. भरलेल्या पेटीचं वजन ५.६ किलो धरलं तर १४,५६० किलो. पॅलेट २५ किलोप्रमाणे ५००. कोपऱ्याच्या पट्ट्या आणि स्ट्रॅप १००. दारावर लिहिलेलं टेअर समजा ४,६००. एकूण १९,७६० किलो. लोक बीएलवरचं ग्रॉस वेट व्हीजीएममध्ये टाकतात, ते चूक आहे. त्यात टेअर नसतं.

कट-ऑफ चुकला किंवा जहाजावर जागा संपली की कंटेनर रोल ओव्हर होतो, म्हणजे पुढच्या जहाजावर. लाइनने ती फेरीच रद्द केली तर त्याला ब्लँक सेलिंग म्हणतात. कोटेशनमधलं 'सब्जेक्ट टू स्पेस' हे यासाठीच आहे. गेटच्या आत गेलेला कंटेनर काही कारणाने परत बाहेर काढावा लागला तर ते बॅक टू टाउन, आणि त्याचा खर्च वेगळा. शिपिंग बिलाची (निर्यातीच्या कस्टम्स कागदाची) कागदपत्रं पुन्हा करावी लागतात ते निराळंच. 'पीएसएस' म्हणजे पीक सीझन सरचार्ज. कोटेशनची मुदत कोणत्या तारखेपर्यंत, आणि ती बुकिंगच्या तारखेला लागू की जहाज सुटण्याच्या, हे विचारा. भाडं डॉलरमध्ये आणि टीएचसी (टर्मिनलवर कंटेनर हाताळण्याचा आकार) रुपयांत असतं. भाड्याचे रुपये करताना लाइन स्वतःचा विनिमय दर लावते, बँकेचा नाही.

आता ४ फ्री डेज. डेमरेज म्हणजे भरलेला कंटेनर उतरल्यापासून बंदरातून बाहेर पडेपर्यंत, फ्री दिवस संपल्यावरचा दंड. डिटेन्शन म्हणजे कंटेनर बंदराबाहेर नेल्यापासून रिकामा परत देईपर्यंतचा. हे दोन्ही लाइनचे. टर्मिनलचं जागाभाडं आणि रीफरला विजेचं प्लग-इन हे त्याशिवाय. तुमच्या कोटेशनमध्ये '४ फ्री डेज' एवढंच आहे, म्हणजे ते अपुरं आहे.

फरक किती पडतो बघा. कंटेनर १ तारखेला उतरला, ९ ला गेटबाहेर गेला, ११ ला रिकामा परत आला. डेमरेजचे ४ आणि डिटेन्शनचे वेगळे ३ दिवस फ्री असतील तर ५ ते ९ असे ५ दिवस डेमरेज, आणि १० व ११ तारीख फ्रीमध्ये. दोन्ही मिळून ४ असतील तर ५ ते ११, म्हणजे ७ दिवस. शिवाय दर सगळे दिवस सारखा नसतो, टप्प्याटप्प्याने चढतो.

लेखी घ्यायचं ते असं: दिवस कॅलेंडरचे की कामाचे, मोजणी कंटेनर उतरल्यापासून की जहाज लागल्यापासून, दोन्ही एकत्र की वेगळे, प्लगचे फ्री दिवस किती. हाच हिशोब इकडेही लागू आहे. रिकामा रीफर यार्डातून उचलल्यापासून गेट-इनपर्यंत डिटेन्शनचं घड्याळ चालू असतं. बागेत काढणी पावसाने दोन दिवस पुढे गेली तर ते दोन दिवस तुमच्या खात्यावर पडतात. म्हणून मणी तपासून काढणीची तारीख पक्की झाल्यावरच कंटेनर उचला.

---

मुरगाव_बार्ज

डेमरेजबद्दल एक जोड देतो, कारण हा शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी येतो आणि लोक एकाचा नियम दुसऱ्याला लावतात. रेल्वेत डेमरेज वॅगन अडवून ठेवल्याचं असतं, आणि शेडमध्ये माल पडून राहिला की वारफेज. सुट्या मालाच्या जहाजात, म्हणजे कोळसा, खनिज, खत, तिथे डेमरेज जहाजालाच द्यावं लागतं. चार्टर पार्टीत (जहाज भाड्याने घेण्याच्या करारात) चढउतारासाठी ठरलेला वेळ म्हणजे लेटाइम. कप्तान नोटीस ऑफ रेडिनेस देतो, तिथून करारातल्या अटीप्रमाणे घड्याळ सुरू होतं. पाऊस आणि सुट्ट्या वगळायच्या की नाही हेही करारातच. ठरल्यापेक्षा लवकर काम झालं तर जहाजमालक उलट पैसे देतो, त्याला डिस्पॅच म्हणतात आणि तो साधारण डेमरेजच्या निम्म्या दराने असतो. एकदा डेमरेज सुरू झालं की नंतरचा रविवार किंवा पाऊस सहसा वगळत नाहीत. कंटेनरमध्ये डिस्पॅच नसतो. लवकर सोडवला म्हणून कुणी परत काही देत नाही.

---

निफाड_बागायत

खूप मदत झाली. फ्री डेजचे प्रश्न फॉरवर्डरला आजच पाठवले. रीफरच्या सूचना आणि एचबीएलबद्दल कुणी सांगाल का? फॉरवर्डरने फॉर्ममध्ये 'टेंप -०.५, व्हेंट, ह्युमिडिटी' असे रकाने पाठवलेत.

---

शीतसाखळी

ताई/दादा, पहिलं सूत्र: रीफर माल थंड करत नाही, थंड केलेला माल थंड ठेवतो. प्री-कूलिंग पॅकहाऊसमध्येच पूर्ण करा आणि भरताना मण्याच्या आतलं तापमान, ज्याला पल्प टेंपरेचर म्हणतात, ० ते १ अंशाच्या आसपास आहे ना ते सुईच्या थर्मामीटरने वेगवेगळ्या पॅलेटवर तपासून लिहून ठेवा.

फॉर्ममधले रकाने असे भरा. सेट पॉइंट: उणे ०.५ अंश सेल्सिअस. नुसती '-' खूण न ठेवता अक्षरांत 'मायनस झीरो पॉइंट फाइव्ह सेल्सिअस' असंही लिहा. दशांश चिन्ह गळून उणे ५ झालं तर द्राक्ष गोठतं. व्हेंट: क्लोज्ड. पेट्यांत सल्फर डायऑक्साइडचे पॅड असतात, बाहेरची गरम दमट हवा आत आली की पाणी सुटतं आणि पॅडमधून गॅस एकदम मोकळा होऊन मणी पांढरे पडतात. रकाना रिकामा सोडला तर डेपोवाला आधीच्या मालाचा व्हेंट तसाच ठेवू शकतो, आणि आधीचा माल कांदा असेल तर तो उघडाच असतो, कारण कांद्याला हवा खेळती लागते. तिसरा रकाना, आर्द्रता: यंत्राचं आर्द्रता-नियंत्रण बंद, असं स्पष्ट लिहा.

रिकामा कंटेनर आला की पीटीआयचा स्टिकर बघा. पीटीआय म्हणजे प्री-ट्रिप इन्स्पेक्शन, यंत्रणा तपासल्याची नोंद. ती ताजी हवी. आत वास, गंज, फाटलेलं दाराचं रबर, टी-फ्लोअरच्या (हवा खेळवणाऱ्या खाचांच्या तळाच्या) खाचांत अडकलेला कचरा आणि पाणी निघून जायची छिद्रं बघा. काही दिसलं तर तिथेच फोटो काढून कंटेनर बदलून मागा.

कंटेनर आधीपासून थंड करून ठेवायचा की नाही? पॅकहाऊसचा लोडिंग डॉक बंदिस्त आणि थंड असेल, दाराला सील बसत असेल तरच. उघड्यावर भरत असाल तर थंड कंटेनरचं दार उघडताच नाशिकची दुपारची हवा आत शिरते आणि भिंतींना पाणी सुटतं. भरताना यंत्र बंद ठेवा.

हवा खालून टी-फ्लोअरमधून येते, पेट्यांमधून वर चढते आणि वरून परत जाते. म्हणून आतल्या लाल लोड लाइनच्या वर एकही पेटी नको. दाराकडे शेवटच्या पॅलेटनंतर जी जमीन उघडी राहते ती जाड पुठ्ठ्याने झाका, नाहीतर सगळी हवा तिथून सुटते आणि मधली पॅलेट गरम राहतात. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि नेमकं तेच राहून जातं. पॅलेट लाकडी असतील तर प्रत्येकावर आयएसपीएम १५ चा शिक्का हवा.

डेटा लॉगर किमान दोन: एक मध्यावर, एक दाराजवळच्या पॅलेटच्या वरच्या थरात. त्यांचे नंबर पॅकिंग लिस्टवर टाका. यंत्राची स्वतःची नोंद लाइनच्या हातात असते, तुमच्या हातात लॉगरच असतो. निफाड ते बंदर जेनसेट लावूनच गाडी न्या आणि गेट-इनच्या वेळी यंत्रावर दिसणारं तापमान चालकाकडून फोटो काढून घ्या.

प्रवास किती दिवसांचा हे आत्ताच विचारा. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रातले हल्ले सुरू झाल्यापासून बऱ्याच लाइन केप ऑफ गुड होपला वळसा घालून गेल्या, आणि त्यात दहा ते चौदा दिवस वाढले. थेट सेवा की ट्रान्सशिपमेंट (वाटेत जहाज बदलणं), असेल तर कुठे आणि तिथे किती दिवस थांबणार, हेही विचारा. पॅडची क्षमता आणि काढणीच्या वेळची साखर त्या दिवसांच्या हिशोबाने ठरवावी लागते.

---

उरण_डॉक्स

एचबीएलचं सांगतो. जहाज कंपनी देते तो मास्टर बीएल, फॉरवर्डर स्वतःच्या नावाने देतो तो हाऊस बीएल. हाऊस घेतला तर मास्टरवर शिपर म्हणून फॉरवर्डर आणि कन्साइनी (माल घेणारा) म्हणून त्याचा रॉटरडॅमचा एजंट असतो. म्हणजे जहाज कंपनी माल त्या एजंटला देते आणि तुमचा मूळ कागद बघितल्याशिवाय त्याने पुढे माल देऊ नये, हा सगळा भरवसा फॉरवर्डरवर. एचबीएल वाईट नाही, पण देणाऱ्याची नोंद बघा. १९९३ च्या मल्टिमोडल कायद्याखाली जहाजवाहतूक महासंचालनालयाकडे एमटीओ (मल्टिमोडल वाहतूकदार) म्हणून नोंदणी लागते. तो नंबर मागा आणि मुदत तपासा. पूर्ण एफसीएल कंटेनर तुमचाच आहे, त्यामुळे थेट मास्टर बीएल मागायलाही काही हरकत नाही.

बीएल तीन कामं करतो: माल मिळाल्याची पावती, वाहतूक कराराचा पुरावा, आणि मालावरच्या हक्काचा दस्तऐवज. भारतात यासाठी १८५६ चा कायदा होता, त्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे. मूळ प्रती साधारण तीन निघतात. त्यातली एक दाखवून माल सोडवला की बाकीच्या निरर्थक, म्हणून तिन्ही एकत्र सांभाळा.

टेलेक्स रिलीज म्हणजे तुम्ही तिन्ही मूळ प्रती इथेच परत करता आणि लाइन तिकडच्या कार्यालयाला कळवते की कागद न बघता कन्साइनीला माल द्या. रीफरला हे सोयीचं, कारण कुरियर उशिरा पोचला तर फ्री डेज संपतात. पण त्या क्षणी तुमच्या हातातला हक्क सुटतो. पैसे किंवा ठरलेला आगाऊ हप्ता बँकेत दिसेपर्यंत सरेंडर करू नका. बँकेचा संदेश आला म्हणून नाही, खात्यात जमा झाल्यावर. सी वेबिलमध्ये तर हक्काचा कागदच नसतो, तो ओळखीच्या जुन्या खरेदीदारासाठी ठीक.

एलसी असेल तर कागद जहाजावर चढवल्याच्या तारखेपासून २१ दिवसांच्या आत बँकेत हवेत, एलसीमध्ये कमी दिवस दिले असतील तर ते दिवस.

ड्राफ्ट बीएल आला की हे शब्द शब्दशः ताडून बघा: कन्साइनी, नोटिफाय पार्टी (माल पोचल्याचं ज्याला कळवायचं तो), कंटेनर आणि सील नंबर, पेट्यांची संख्या, फ्रेट प्रीपेड (भाडं इथे भरलेलं) की कलेक्ट (भाडं तिकडे वसूल), आणि सेट पॉइंट. एफसीए किंवा एफओबी असताना 'प्रीपेड' छापलं गेलं, किंवा सीआयएफ असताना 'कलेक्ट', तर भाडं कुणी द्यायचं यावर तिकडे माल अडतो. 'शिपर्स लोड, स्टो अँड काउंट' हा शेरा तुमच्या बीएलवर येणारच, कारण कंटेनर तुम्ही भरला आणि सील केला. त्याचा अर्थ पेट्या कमी निघाल्या तर लाइन हात वर करेल. म्हणून भरतानाचे फोटो, बॉटल सीलचा फोटो आणि मोजणीचा कागद ठेवा. दुरुस्ती जहाज सुटण्याआधी सोपी असते. ईजीएम (जहाजावरच्या निर्यात मालाची कस्टम्सला दिलेली यादी) दाखल झाल्यावर कस्टम्समध्येही बदल करावा लागतो, त्याला दिवस लागतात.

---

निफाड_बागायत

फॉरवर्डरचं उत्तर आलं: ४ दिवस डेमरेज आणि डिटेन्शन मिळून, कॅलेंडरचे, कंटेनर उतरल्यापासून. प्लगचे फ्री दिवस त्यातच. मास्टर बीएल द्यायला तयार आहे. रॉटरडॅमचा खरेदीदार कंटेनर टर्मिनलवरून त्याच्या कोल्ड स्टोअरला नेऊन रिकामा करणार आहे. एवढे दिवस पुरतील का?

---

गेट_इन

कंटेनर शुक्रवारी उतरला तर शनिवार-रविवार धरून सोमवारीच संपतील, कारण शुक्रवारही मोजला जातो. कस्टम्स आणि गुणवत्ता तपासणी सोमवारी सुरू झाली तर हाती एकच दिवस. बुकिंग करण्याआधीच ७ मागा. जहाज सुटल्यावर वाढवून मिळणं अवघड असतं. मिळालेला आकडा लाइनच्या बुकिंग कन्फर्मेशनवर छापून घ्या, फॉरवर्डरच्या ईमेलवर नाही. आणि सात मिळाले नाहीत तर जास्तीच्या दिवसांचा खर्च खरेदीदाराकडे, असं करारात एक वाक्य घाला. कंटेनर सोडवण्याचा वेग त्याच्या हातात आहे, तुमच्या नाही.